अंघोळीच्या खेळण्यांना बुरा येऊ नये म्हणून

आमच्या घरातलं पिवळं बदक दीड वर्ष लेकीच्या टबात पोहत होतं. रोज अंघोळ झाली की मी ते नळाखाली धरायचे, साबणाचा हात फिरवायचे, खळखळून धुवायचे आणि टबाच्या काठावर ठेवून द्यायचे. बाहेरून ते शेवटपर्यंत नव्यासारखं होतं. गेल्या श्रावणात एका सकाळी लेकीनं ते पाण्यात दाबलं आणि तळाच्या भोकातून काळपट पाण्याची पिचकारी उडाली. त्या पाण्यात चहाच्या चोथ्यासारखे बारीक काळे तुकडे होते. जरा वेळापूर्वीच तिनं त्याच बदकाची चोच तोंडात धरली होती.

दुपारी ती झोपल्यावर मी कटरनं बदक मधोमध चिरलं. पोटाच्या आतल्या बाजूला काळा-हिरवा बुळबुळीत थर होता, भोकाभोवती गुलाबीसर कडं होतं आणि मान वळते तिथल्या खाचेत अजून चमचाभर पाणी साचलेलं होतं. वास थेट पावसाळ्यात कपाटात राहून गेलेल्या चपलेचा. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, "लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला तरी बुरा येतोय. ह्याच्या पोटात तर पाणीच कोंडून ठेवलंयस की गं."

मी दीड वर्ष बदक धूत होते, पण एकदाही ते आतून वाळवलं नव्हतं. ज्यांच्या घरी पहिलंच बाळ आहे आणि ज्यांनी नुकताच टब आणि खेळणी आणली आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं नीट लिहून ठेवते आहे.

आत नेमकं काय होतं

माठ चार दिवस न घासता वापरला की आतून बोट फिरवल्यावर जी बुळबुळ लागते, तीच गोष्ट खेळण्याच्या पोटात होते. पाण्यातले जिवाणू पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्या थरात बुरशीही रुजते. माठाला आतून हात पोचतो, बदकाला पोचत नाही, एवढाच फरक.

२०१८ साली स्वित्झर्लंडमधल्या ईवाग या पाणी-संशोधन संस्थेनं, झुरिकच्या ईटीएच आणि अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठासोबत, घराघरांत वापरलेली अशी खेळणी कापून तपासली होती. दर पाचांतल्या चार खेळण्यांतून दाबल्यावर गढूळ पाणी निघालं. आतल्या एका चौरस सेंटीमीटर जागेत ५० लाखांपासून साडेसात कोटींपर्यंत जिवाणूंच्या पेशी होत्या आणि जवळपास ६० टक्के खेळण्यांत बुरशी होती. मला त्यातली सगळ्यात उपयोगाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. एवढी वाढ व्हायला खाणं लागतं, आणि ते खाणं मऊ प्लास्टिकच पुरवतं. हलक्या प्रतीच्या, मऊ प्लास्टिकमधून कार्बनयुक्त पदार्थ हळूहळू पाण्यात उतरत राहतात. त्यात बाळाच्या अंगावरचं तेल, घाम, साबण आणि शू मिसळली की जिवाणूंची चंगळ होते. आपण मालिश करून, बेसन-दूध लावून बाळाला न्हाऊ घालतो, त्यामुळे आपल्या टबातलं पाणी तर अजूनच सकस.

घाबरून जाऊ नका. निरोगी मुलाला अशा पाण्यानं दरवेळी काही होतंच असं नाही. पण पिचकारी थेट डोळ्यात, कानात किंवा तोंडात गेली तर संसर्ग होऊ शकतो. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, त्याला दम्याचा त्रास असेल किंवा कुठल्याही आजारानं प्रतिकारशक्ती कमी झाली असेल, तर भोकाचं खेळणं घरात नकोच.

आधी खेळण्यांची वाटणी करा

सगळी खेळणी एका बादलीत घालून धुण्याआधी जमिनीवर पसरा आणि एकेक हातात घेऊन बघा. तळाशी भोक आहे का? दाबल्यावर आतून हवा येते का? कानाजवळ हलवल्यावर पाण्याचा आवाज येतो का? ज्यांना भोक आहे ती एका बाजूला काढा. खरं काम त्यांचंच आहे.

दुसरा ढीग अखंड, कडक प्लास्टिकच्या खेळण्यांचा: होड्या, कप, चाळण्या, एकात एक बसणाऱ्या वाट्या. ही धुवायला सोपी. तिसऱ्यात सिलिकॉनची खेळणी. फोमची अक्षरं, कापडी पुस्तकं आणि बॅटरीवर चालणारी खेळणी वेगळी ठेवा. सावंतवाडीची लाकडी खेळणी टबात नेऊच नका. लाकूड फुगतं, रंगाला तडे जातात आणि त्या फटींत ओल बसते.

भोकाच्या खेळण्याखाली पांढरा कागद धरून सगळं पाणी त्यावर पिळून काढा. कागदावर एकही काळा कण पडला तर ते खेळणं वाचवत बसू नका. याबाबत माझं मत पक्कं आहे. पन्नास-साठ रुपयांच्या बदकासाठी ब्लीच, व्हिनेगर आणि अर्धा दिवस घालवून वरचा काळा रंग जातो, पण आतला थर पूर्ण निघाला की नाही हे बदक कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापल्यावर ते बदक राहत नाही.

रोजची पद्धत

रोज पाच मिनिटं दिली तर महिन्याचं काम उरत नाही. बाळाला पुसून, कपडे घालून, घरातल्या कुणाच्या तरी हातात दिलं की मगच न्हाणीत परत जा. पाणी भरलेल्या टबाजवळ किंवा बादलीजवळ बाळाला अर्धा मिनिटही एकटं ठेवू नका.

पहिल्यांदा टब रिकामा करा. खेळणी त्याच साबणाच्या पाण्यात तरंगत ठेवायची नाहीत. मग प्रत्येक खेळणं साध्या स्वच्छ पाण्यात बुडवून आतलं पाणी दोन-तीनदा पिळून काढा, म्हणजे साबण आणि तेल आत राहत नाही. त्यानंतर पाण्याबाहेर भोक खाली करून जोरात पिळा आणि हात सैल करा, म्हणजे आत हवा शिरेल. असं चार-पाच वेळा करा. शेवटच्या पिळीला थेंबही पडत नसेल तेव्हा थांबा.

आता निथळायला ठेवायचं. टबाचा काठ, मोरीचा कठडा, नळाचा मागचा कोपरा या जागा सोडून द्या. न्हाणीघरात गिझर असो नाहीतर बंब, तासभर वाफ दाटलेली असते. माझ्याकडे तांदूळ धुवायची जुनी प्लास्टिकची रोळी आहे. तिला सगळीकडून भोकं असल्यामुळे खेळणी भोक खाली करून त्यात ठेवली की पाणी खाली जातं आणि वारा चारी बाजूंनी लागतो. रोळी मी न्हाणीबाहेर, मागच्या बाल्कनीत स्टुलावर ठेवते. कांदे येतात ती जाळीची पिशवी स्वच्छ धुवून खुंटीला अडकवली तरी चालेल. बाजारात टाइल्सला चिकटणाऱ्या जाळीच्या पिशव्या मिळतात, त्याही चांगल्या. फक्त ती पिशवी आठवड्याला धुवून उन्हात टाकायची, नाहीतर तळाच्या शिवणीत आधी तीच काळी पडते.

आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवायची सवय घराघरात आहे. चैत्र-वैशाखात गच्चीवर चटणीच्या मिरच्या पसरतो, पापड-सांडगे घालतो, तेव्हा खेळण्यांची रोळीही एका कोपऱ्यात ठेवावी. ऊन मात्र मोजून द्या. मऊ प्लास्टिक दिवसभर वैशाखाच्या उन्हात पडलं तर चिकट होतं, त्याला भेगा पडतात आणि भेगेत पुन्हा ओल राहते. सकाळचे दोन तास बास होतात.

आठवड्याची धुलाई

रविवारी सकाळी किंवा तुम्हाला सवड असेल तेव्हा सगळी खेळणी एकदा बादलीत घ्या. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड, आणि बाळाच्या जुन्या दात घासायच्या ब्रशसारखा मऊ ब्रश. होडीच्या खाचा, कपाच्या कडा, चाकांच्या मागची जागा ब्रशनं घासा. गुलाबीसर चिकट डाग दिसला तर तो नुसता वरून पुसू नका. तो बहुधा जिवाणूंचा थर असतो आणि घासल्याशिवाय हलत नाही.

बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत खेळण्यांवर क्षारांचं पांढरं पुट बसतं. त्या खरखरीत पुटावर घाण लवकर धरते. त्यासाठी स्वयंपाकातलं साधं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच कोमट पाणी घेऊन अर्धा-पाऊण तास खेळणी भिजत घाला, ब्रश मारा, स्वच्छ पाण्यानं धुवा. पुट निघतं आणि कुबट वासही जातो. पण व्हिनेगर म्हणजे जंतुनाशक नव्हे. काळा बुरा आलेल्या खेळण्यासाठी त्यावर विसंबू नका.

सिलिकॉनची खेळणी पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवता येतात. भांडं वेगळं ठेवा, पाणी भरपूर घ्या आणि खेळणं तळाला टेकणार नाही असं बघा. मऊ प्लास्टिक आणि रबर उकळू नका. ते वाकडं होतं, जोड सुटतात आणि मग पाणी नव्या वाटेनं आत जातं. कापडी पुस्तकं मशीनमध्ये धुवून दोरीवर पानं उघडी करून वाळत घालायची. फोमची अक्षरं टाइलला चिकटवून तशीच ठेवू नका. त्यांच्या मागे पाणी राहतं. दोन तळहातांत दाबून पाणी काढा, उभी करून ठेवा आणि ठिपके दिसले की टाकून द्या, कारण फोमच्या आत शिरलेला बुरा निघत नाही. बॅटरीचं खेळणं नुसतं ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करायचं, आणि बॅटरीचं झाकण स्क्रूनं पक्कं बंद आहे ना हे दरवेळी बघायचं.

ब्लीच कधी आणि कसं

ब्लीच मी रोजच्या कामात धरत नाही. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या, टबातच शी झाली, किंवा दुसऱ्या घरातून वापरलेली कडक खेळणी आली, तेव्हाच वापरते. कपड्यांसाठी मिळतं ते साधं पांढरं ब्लीच घ्यायचं, सुगंधी किंवा रंगीत नको. खेळणी आधी साबणानं धुवून घ्या, कारण घाणीवर ब्लीच वाया जातं. प्लास्टिकच्या बादलीत चार लिटर गार पाणी घ्या, त्यात साधारण १०० मिलिलिटर ब्लीच घाला. बाटलीवर वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर तेच पाळा. हातमोजे घाला, खिडकी उघडा, बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा. खेळणी अर्धा तास पूर्ण बुडवून ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली वास जाईपर्यंत धुवा आणि पूर्ण वाळू द्या. उरलेलं मिश्रण साठवून ठेवू नका, लगेच ओतून द्या. ती बादली न्हाणीत भरलेली सोडून दार उघडायलाही जाऊ नका.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुवायचं ॲसिड कधीच मिसळू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेततो. काच पुसायच्या अमोनियावाल्या क्लीनरबरोबरही ब्लीच मिसळू नका, त्यातूनही विषारी वायू निघतो. एका दिवशी व्हिनेगर वापरलं असेल तर ब्लीच दुसऱ्या दिवशी.

अंघोळीच्या पाण्यात झाकणभर जंतुनाशक घातलं की खेळणीही स्वच्छ होतात, असा बऱ्याच घरांत समज आहे. माझाही होता. खेळण्याच्या आत घट्ट बसलेला थर त्या पातळ पाण्यानं निघत नाही, आणि बाळ ते पाणी पितंच.

नवीन खेळणं घेताना

१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मऊ प्लास्टिकमध्ये मिसळल्या जाणाऱ्या थॅलेट रसायनांवरची मर्यादा त्या मानकांत येते. कोल्हापुरात महाद्वार रोडला खरेदी करा नाहीतर ऑनलाइन मागवा, पाकिटावर चिन्ह शोधा. जोतिबाच्या यात्रेतून मुलांसाठी सुट्टं खेळणं हटकून येतं, प्रेमानं आणलेलं असतं. ते खेळायला द्या, पण टबात नको, तिथं ते तोंडात जातं.

भोक नसलेलं अखंड खेळणं सगळ्यात चांगलं. भोकाचं आवडलंच असेल तर पहिल्यांदा पाण्यात जायच्या आधीच ग्लू गननं भोक बंद करता येतं. खेळणं आतून पूर्ण कोरडं हवं, कारण ओल आत ठेवून भोक बुजवलं तर काहीच साधत नाही. पिचकारी आणि शिट्टी दोन्ही जातात, तरंगतं मात्र छान. तो गोंदाचा खडा दर आठवड्याला नखानं हलवून बघा. सैल झाला तर खेळणं काढून घ्या, कारण सुटलेला खडा बाळाच्या घशात अडकू शकतो. पहिल्या वर्षाच्या बाळासाठी मी हा उपाय करणार नाही.

उघडून पुन्हा जोडता येणाऱ्या दोन भागांची खेळणी आता मिळतात. अंघोळ झाली की उघडायची, पुसायची, उपडी घालायची. जरा महाग पडतात, पण पैसे वसूल होतात.

आणि स्वयंपाकघरात बघा. स्टीलची वाटी, फुलपात्र, प्लास्टिकची चहाची गाळणी, एखादा छोटा डबा. माझी लेक गाळणीतून पाणी पडताना बघत पंधरा मिनिटं रमते, आणि अंघोळ संपली की गाळणी भांड्यांबरोबर घासली जाते. कडा धारदार नाहीत एवढं तपासा.

पावसाळ्यात

आषाढ-श्रावणात आपल्याकडे आठवडाच्या आठवडा ऊन पडत नाही. कपडे पंख्याखाली, चपलांवर पांढरा बुरा, मिठाला पाणी सुटलेलं. म्हणून जूनच्या सुरुवातीलाच मी खेळणी कमी करते. भोकाची सगळी नीट वाळवून घट्ट डब्यात बंद, वापरात फक्त चार कडक कप आणि गाळणी. एक दिवस दोन, दुसऱ्या दिवशी दुसरी दोन, म्हणजे प्रत्येकाला वाळायला पूर्ण दिवस मिळतो. धुवून झाल्यावर सुती फडक्यानं पुसायचं आणि रोळी पंख्याखाली ठेवायची. गॅसजवळ किंवा शेगडीवर धरून वाळवू नका, प्लास्टिक वितळतं आणि धूर वाईट असतो.

पुराचं पाणी घरात आलं तर नियम वेगळे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आपल्या कोल्हापूरकरांना पाठ आहे. सुतारवाडा, दुधाळी किंवा शाहूपुरी कुंभार गल्लीच्या बाजूला राहत असाल तर पातळी ३९च्या दिशेनं चढायला लागली की बाळाचं बाकी सामान हलवतानाच खेळण्यांची रोळीही वरच्या मजल्यावर न्या. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं जे पाणी घरांत शिरलं, त्यात गटारही होतं आणि मेलेली जनावरंही. अशा पाण्यात भिजलेली मऊ, पोकळ, कापडी, फोमची खेळणी ठेवू नका, कितीही आवडती असली तरी. अखंड कडक प्लास्टिक आणि स्टील मात्र साबण, मग ब्लीच, मग ऊन या क्रमानं परत वापरता येतं.

टाकताना

काळं पडलेलं खेळणं तसंच कोंडाळ्यात टाकू नका. वरून ते चांगलं दिसतं, रंग शाबूत असतो, आणि कचरा वेचणाऱ्या बाईंच्या लेकराच्या हाती ते पडलं तर ते लेकरूही ते तोंडातच घालणार. कात्रीनं उभं चिरून दोन तुकडे करा आणि मग सुक्या कचऱ्यात द्या.